परत तिथे नको : इटालियन भयपटांतलं वेड

अर्धापडदा

आधीच सांगतो, खाली रहस्यभेद भरपूर आहे. ज्यांना 'प्रोफोंदो रोस्सो' आणि 'शॉक' कोरे बघायचे असतील त्यांनी ते बघून मगच पुढे वाचावं.

इटालियन भयपट म्हटलं की बहुतेकांना काळे हातमोजे, वस्तरा आणि भडक लाल रक्त आठवतं. ते आहेच. पण हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघताना मला त्यांत दुसरीच एक भीती जाणवत राहते. त्यांतली माणसं खुन्याला घाबरतात तशीच एका इमारतीला घाबरतात, आणि ती इमारत पडद्यावर फारशी दिसतही नाही. मानिकोमिओ, म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. कोणी तिथून परत आलेलं असतं, कोणाला तिथे धाडायचं घरच्यांनी ठरवलेलं असतं, कोणी डोळ्यांनी पाहिलेलं सांगत असतं आणि समोरचा डॉक्टर नुसता मान हलवत असतो. माझ्या मते साठ-सत्तरच्या दशकांतल्या या मानसिक भयपटांचा गाभा हाच आहे. आपलं कोणी खरं मानणार नाही आणि मग दार बाहेरून लागेल.

ही भीती तिथल्या प्रेक्षकाच्या ओळखीची होती. इटलीत १९०४ चा एक कायदा होता. जो माणूस 'स्वतःला किंवा इतरांना धोकादायक' आहे किंवा ज्याच्यामुळे 'सार्वजनिक बोभाटा' होतो, त्याला इस्पितळात डांबता येत असे. अर्ज नातेवाइकांनी करावा, पालकानं करावा, नाहीतर समाजाच्या हिताखातर कोणीही करावा. आत गेल्याची नोंद गुन्हेगारांच्या दप्तरात व्हायची. ती पद्धत १९६८ मध्ये बंद झाली, आणि स्वतःच्या इच्छेनं दाखल व्हायची सोयही तेव्हाच झाली. इस्पितळंच बंद करायचा कायदा आला १३ मे १९७८ ला. त्यालाच १८० क्रमांकाचा कायदा किंवा बाझाल्या कायदा म्हणतात. म्हणजे मारिओ बावा आणि दारिओ आर्जेंतो यांचे ज्या सिनेमांबद्दल मी बोलतोय ते सगळे त्या आधीचे आहेत.

'प्रोफोंदो रोस्सो' (१९७५) ची सुरुवात बघा. श्रेयनामावली चालू असते. मध्येच ती थांबते. ख्रिसमसचं झाड, तबकडीवर लहान मुलांचं गाणं, भिंतीवर दोन सावल्या, एक किंकाळी. रक्ताळलेला सुरा जमिनीवर येऊन पडतो आणि त्याच्याशेजारी पांढरे लांब मोजे घातलेले एका मुलाचे पाय येऊन उभे राहतात. मग नामावली पुन्हा सुरू. हा प्रसंग नेमका काय होता ते कळायला शेवटापर्यंत थांबावं लागतं. नवरा बायकोला सांगत असतो की तुला पुन्हा क्लिनिकमध्ये जावं लागेल. ती म्हणते, नाही. आणि त्याला मारते. पुढच्या सगळ्या खुनांचं मूळ ते एक वाक्य आहे. मार्ता नावाची ती बाई दोन तास आपल्या समोर वावरते, घरी आलेल्या पाहुण्याशी आपल्या जुन्या सिनेमांबद्दल बोलते, आणि आपण तिला एक विसराळू म्हातारी समजून सोडून देतो. भूमिका केलीय क्लारा कालामाईनं. १९४३ मध्ये व्हिस्कोंतीच्या 'ओस्सेसिओने'ची नायिका असलेली ही नटी. भिंतीवरचे तरुणपणाचे फोटो तिचेच आहेत.

आता 'शॉक' (१९७७). बावाचा चित्रपटगृहांत लागलेला शेवटचा सिनेमा. दोरा आपला मुलगा मार्को आणि दुसरा नवरा ब्रुनो यांच्यासोबत जुन्या घरी राहायला येते. पहिला नवरा कार्लो व्यसनी होता, त्यानं समुद्रात जीव दिला असं सगळे मानतात. त्यानंतर दोरा कोसळली, इस्पितळात गेली, तिला विजेचे झटके दिले गेले. ती बरी झाली म्हणून घरी आली खरी, पण तिच्या आठवणीत मोठी भगदाडं आहेत. सिनेमाभर तिची लढाई चालते ती या भगदाडांशी. तळघरातल्या भिंतीमागे काय आहे हे तिच्या एका मनाला माहीत आहे, आणि नवऱ्याला तर पक्कं माहीत आहे. कारण ती भिंत त्यानंच बांधली. तिला वेड लागतंय असं प्रत्येक वेळी ठरवणारा माणूस हाच.

यातलं एक दृश्य मी कितीतरी वेळा थांबवून पाहिलंय. बोळाच्या टोकाला मार्को उभा आहे. तो आईकडे धावत येतो, तिच्या जवळ पोचतो, आणि मिठीत येतो तो मेलेला कार्लो. मध्ये कुठे काट नाही, जोड नाही. मुलगा अगदी जवळ येऊन चौकटीखाली वाकतो आणि तिथेच दबा धरून बसलेला नट वर उठतो. बस, एवढंच. बावा मुळात छायालेखक, अशा युक्त्या त्याच्या हाताच्या. पण इथे ती युक्ती दोराच्या मनात चाललेलं सगळं एका क्षणात सांगून जाते. ज्या मुलाला जवळ घ्यायचं, त्याच्याच आत ज्याला आपण मारलं तो बसलाय.

तुम्ही पाहिलेल्यांपैकी कोणते सिनेमे या अंगानं आठवतात? सविस्तर लिहा.

---

सायंतारा

लेख आवडला. मी फक्त आर्जेंतोचा 'सुस्पिरिया' पाहिलाय आणि त्यात चेटकिणी खऱ्याच निघतात, त्यामुळे तो या यादीत बसेल असं वाटत नाही. पण एक आठवलं. त्यातली नायिका सूझी आपल्या मैत्रिणीबद्दल विचारायला एका मनोविकारतज्ज्ञाला भेटते, आणि तो तिला शांतपणे समजावतो की चेटूकबिटूक सगळं बिघडलेल्या मनाचं काम असतं. बाहेर लख्ख ऊन, काचेच्या इमारती. पूर्ण सिनेमात सर्वांत समंजस बोलणं तेवढंच, आणि नेमकं तेच चुकीचं.

---

अर्धापडदा

@सायंतारा, नेमकं बोललात. आणि ती मैत्रीण त्या डॉक्टरची पेशंट होती, हेही लक्षात घ्या. तिनं जे पाहिलं ते तिच्या आजाराच्या खात्यावर जमा झालं. तो प्रसंग सिनेमात कथानक पुढे न्यायला आहे, पण मला तो या विषयाच्या अगदी मधोमध वाटतो.

---

अबोली_प

मी मनोविकार विभागात समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे हा धागा वाचताना थोडी अस्वस्थ झाले. लेखकाचं निरीक्षण चांगलं आहे, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी.

या सिनेमांनी वेड लागलेल्या माणसाची बाजू घेतली असं म्हणणं मला पटत नाही. जाल्लो, म्हणजे इटालियन खूनरहस्यपट, त्या प्रकारातल्या बहुतेक गोष्टींचं उत्तर 'खुनी मनोरुग्ण होता' हेच असतं. आर्जेंतोच्या पहिल्या सिनेमात (१९७०) मोनिकावर दहा वर्षांपूर्वी हल्ला झालेला असतो. त्या हल्ल्याचं चित्र दुकानात दिसतं आणि ती बळीऐवजी हल्लेखोराच्या जागी स्वतःला ठेवू लागते. १९७१ च्या 'क्वात्त्रो मोस्के दी वेल्लुतो ग्रीजो' मध्ये नीना. बापानं तिला मुलगा म्हणून वाढवलं, मारलं, ती इस्पितळात राहून आली, आणि मोठी होऊन बापासारख्या दिसणाऱ्या नवऱ्याचा छळ करते. बावाच्या 'इल रोस्सो सेन्यो देल्ला फोल्लिया' चा नायक तर सुरुवातीलाच आरशासमोर सांगून टाकतो की मी वेडा आहे. लहानपणी काहीतरी पाहिलं, म्हणून आता माणसं मारतो. हे कुलूपकिल्लीसारखं सोपं मानसशास्त्र आहे.

प्रत्यक्षात गंभीर मानसिक आजार असलेली माणसं दुसऱ्यावर हात उगारण्यापेक्षा स्वतःच मार खातात, फसवली जातात, घराबाहेर काढली जातात. आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांच्या मनातली पहिली शंका असते, 'हा आम्हाला काही करणार तर नाही ना?' ही शंका कुठून येते? असल्या पडद्यावरूनच येते. इटलीचा असो की आपला.

---

अर्धापडदा

@अबोली_प, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि नीनाचं उदाहरण तर माझ्या मांडणीला सरळ छेद देणारं आहे. मी त्या सिनेमाची वकिली करणार नाही.

पण बावाचा तो १९७० चा सिनेमा वेगळा वाटतो. जॉन हॅरिंग्टन नववधूंच्या पोशाखांची पेढी चालवतो आणि नववधूंना मारतो. प्रत्येक खुनानंतर लहानपणच्या एका आठवणीचा पुढचा तुकडा त्याला दिसतो. तो मारतो ते आठवावं म्हणून. आणि शेवटी जे आठवतं ते असं की आईला मारणारा तोच. तोवर त्याची बायको मिल्ड्रेड (लाउरा बेत्ती, काय काम केलंय बाईनं!) त्याच्या हातून मेलेली असते. ती सगळ्यांना त्याच्या बाजूला बसलेली दिसते, फक्त त्याला दिसत नाही. लोक त्याच्या रिकाम्या बाजूकडे बघून तिच्याशी बोलतात. भूत दिसणारे वेडे आपण खूप पाहिले. इथे भूत न दिसणारा एकटा पडतो. वेड म्हणजे इतरांपेक्षा जास्त दिसणं, ही ठरलेली समजूत बावा सहज उलटवतो. हे कुलूपकिल्लीच्या पुढचं आहे असं मला वाटतं.

---

पो_काठचा

मी गेली बरीच वर्षं तोरिनोत (ट्युरिन) राहतो, म्हणून 'प्रोफोंदो रोस्सो'बद्दल थोडं. तो ज्या चौकात घडतो तो पियात्सा चेलेने. पो आणि दोरा या नद्यांचे दोन अजस्र संगमरवरी पुतळे कारंज्यांवर पहुडलेले आहेत. रात्री तिथे वर्दळ कमी असते आणि इमारती इतक्या सरळसोट आहेत की माणूस खेळण्यातला वाटतो. नायक मार्क आणि त्याचा दारू प्यालेला मित्र कार्लो ('शॉक'मधला नव्हे) याच पुतळ्यापाशी बोलत असतात तेव्हा वरच्या खिडकीत खून होतो. शेजारचा 'ब्लू बार' मात्र खरा नव्हता, एडवर्ड हॉपरच्या रात्रीच्या उपाहारगृहाच्या चित्रावरून तो उभा केला होता. 'आक्रोश करणाऱ्या मुलाचं घर' म्हणून जे दाखवलंय ते व्हिल्ला स्कॉत, नदीपलीकडच्या टेकडीवर आहे. पिएत्रो फेनोल्यो या वास्तुविशारदानं १९०२ मध्ये बांधलेलं. चित्रीकरणाच्या वेळी तिथे नन्स मुलींचं वसतिगृह चालवत होत्या. निर्मात्यांनी मुलींना रिमिनीला समुद्रावर सुट्टीला पाठवलं आणि घर रिकामं करून घेतलं.

आता मूळ विषय. तोरिनोजवळ कोलेन्यो नावाचं गाव आहे, तिथे एका जुन्या मठात प्रचंड मोठं वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथल्या एका मनोविकारतज्ज्ञावर रुग्णांना शिक्षा म्हणून विजेचे झटके दिल्याबद्दल खटला चालला आणि १९७४ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आर्जेंतो याच शहरात त्याच वर्षी चित्रीकरण करत होता. त्यानं त्यावरून काही उचललं असा माझा दावा नाही. पण १९७५ मध्ये इथल्या थिएटरात बसून 'तुला पुन्हा क्लिनिकमध्ये जावं लागेल' हे ऐकणाऱ्या बाईला ते कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करा.

कोलेन्योची आणखी एक गोष्ट इटलीत सगळ्यांना ठाऊक आहे. १९२६ मध्ये तोरिनोच्या दफनभूमीत चोरी करताना एक माणूस सापडला. स्वतःचं नाव सांगता येईना, म्हणून त्याला कोलेन्योला ठेवलं. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात त्याचा फोटो छापून आला, तेव्हा वेरोनाच्या एका बाईनं त्याला ओळखलं. पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेला माझा नवरा, प्राध्यापक कानेल्ला हाच! ती त्याला घरी घेऊन गेली. मग निनावी पत्र आलं की हा तर ब्रुनेरी, तोरिनोचा छापखान्यातला कामगार, पोलिसांना हवा असलेला भुरटा. बोटांचे ठसे ब्रुनेरीशी जुळले. कोर्टानंही तोच निकाल दिला. बाईनं मानला नाही. दोघं ब्राझीलला गेले आणि तो तिथेच वारला. आपण कोण हे विसरणं आणि कोण आहोत हे दुसऱ्यांनी ठरवणं, हा विषय इटालियन सिनेमाला बाहेरून आणावा लागला नाही.

---

गवाक्ष

@पो_काठचा, कानेल्लाची गोष्ट भन्नाट आहे. मला त्यावरून लगेच 'ले ऑर्मे' आठवला. लुईजी बाझ्झोनीचा १९७५ चाच सिनेमा. फार लोकांनी पाहिलेला नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आलीचे रोममध्ये भाषांतरकार आहे. एके सकाळी कामावर जाते तर कळतं की मधले दिवस ती आलीच नव्हती आणि नोकरी गेली. तिला मात्र काल रात्री झोपल्याचं आठवतं. घरात एक फाटलेलं पोस्टकार्ड सापडतं, गार्मा नावाच्या बेटावरच्या हॉटेलचं. कानातलं एक डूल हरवलंय. कपाटात एक पिवळा पोशाख आहे, तिचा नसलेला, आणि त्यावर रक्ताचा डाग. ती गार्माला जाते. तिथे लोक तिला ओळखतात, पण वेगळ्या नावानं आणि तांबड्या केसांची म्हणून.

या सगळ्यात अधूनमधून एक काळंपांढरं स्वप्न येतं. चंद्रावर एका अंतराळवीराला मुद्दाम टाकून सगळे परत निघतात. प्रयोग करणारा माणूस क्लाउस किन्स्की. आलीचेला वाटतं हा आपण लहानपणी पाहिलेला सिनेमा आहे.

छायालेखन वित्तोरिओ स्तोरारोचं. गार्मा म्हणून तुर्कस्तानातला किनारा वापरलाय. रिकामी हॉटेलं, प्राचीन दगडी अवशेष, एका खोलीतली मोराची रंगीत काच. रोमचे प्रसंग निळसर-करडे, गार्माचे उबदार. त्यामुळे होतं असं की आलीचेचं डोकं जितकं सुटत जातं तितकी चित्रं सुंदर होत जातात. प्रेक्षक म्हणून आपल्यालाही तिनं रोमला परतावं असं वाटेनासं होतं. तिथेच पकडलो जातो आपण. एकही खून नाही जवळपास दीड तास, आणि तरी शेवटचा समुद्रकिनारा बघताना माझ्या घशाला कोरड पडते. फ्लोरिंडा बोल्कानइतकं एकटेपण चेहऱ्यावर वागवणारी नटी मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि गार्मावर आलीचेला भेटणारी तांबड्या केसांची लहान मुलगी, निकोलेत्ता एल्मी, 'प्रोफोंदो रोस्सो'तही आहे. सरड्याला टाचणी टोचणारी ओल्गा. एकाच वर्षी दोन्हीकडे.

---

खर्जातला_सा

सगळे डोळ्यांनी बघतायत, मी कानांनी थोडं लिहितो.

त्या काळातले इटालियन सिनेमे बहुतांशी मुका कॅमेरा लावून चित्रित व्हायचे आणि आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. एका दृश्यात एक नट इंग्रजी बोलतोय, दुसरी इटालियन. त्यामुळे आवाज ओठांपासून जरासा सुटलेला असतो, आणि खोलीचा स्वतःचा आवाज नसतोच. विनोदी सिनेमात हे खटकतं. वेडाच्या सिनेमात ते जमून जातं. 'शॉक'मध्ये छोटा मार्को आईशी बोलतो तेव्हा शब्द त्याच्या तोंडातून येतायत याची खात्रीच वाटत नाही. आधीच तो मेलेल्या बापाचा आवाज असण्याची शंका, त्यात हे.

'प्रोफोंदो रोस्सो'चं संगीत आधी जॉर्जो गास्लिनी या जॅझ संगीतकाराकडे होतं. आर्जेंतोचं त्याच्याशी जमलं नाही म्हणून 'गॉब्लिन' ही तरुण पोरं आली आणि ती प्रसिद्ध धून झाली. पण लहान मुलांचं ते 'ला ला ला' गाणं गास्लिनीचंच. कथेत ते वाजतं तेसुद्धा पार्श्वसंगीत म्हणून नाही. खुनी मार्ता खून करायच्या आधी टेपवर ते लावते. म्हणजे ज्या रात्री तिला परत पाठवायचं ठरलं होतं, ती रात्र ती स्वतःसाठी पुन्हा मांडते. अबोलीताईंचं कुलूपकिल्लीचं म्हणणं खरं असेलही, पण हा एक तपशील मला कायम आतून हलवतो.

---

अबोली_प

@खर्जातला_सा, तो तपशील सुंदर टिपलात. माझा विरोध सिनेमाच्या ताकदीला नाहीच, ताकद आहे म्हणूनच बोलते.

विजेच्या झटक्यांबद्दल थोडी माहिती, कारण दोराच्या निमित्तानं विषय निघालाय. हा उपचार इटलीतच जन्मला. रोममध्ये १९३८ साली उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी तो पहिल्यांदा माणसावर केला. त्याआधी चेर्लेत्ती कत्तलखान्यात जाऊन डुकरांना विजेनं कसं गुंगवतात ते बघून आला होता. सुरुवातीची कित्येक वर्षं भूल न देता झटके दिले जात. हाडं मोडायची, दात पडायचे. कोलेन्योसारख्या ठिकाणी तर शिक्षा म्हणून वापर झाला, ते वर आलंच आहे. दोराची धास्ती त्या काळाला धरून आहे, आणि आठवणींतली भगदाडं हाही त्याचा खरा दुष्परिणाम आहे.

पण आज हा उपचार भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं भूल आणि ते औषध न देता झटके द्यायला बंदीच घातली आहे. तीव्र नैराश्यात, जेवणपाणी सोडलेल्या माणसाला यानं उठून बसताना मी पाहिलंय. आणि त्याच माणसाचे नातेवाईक आधी हात जोडून सांगत होते, 'शॉक तेवढा नको, माणूस कायमचा जातो.' सिनेमाची भीती अशी दवाखान्यापर्यंत चालत येते. धाग्यावर लिहिताना हेही कुठेतरी असावं म्हणून लिहिलं.

---

सायंतारा

अबोलीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या आत्याच्या वेळी आमच्या घरात हाच घोळ झाला होता.

बाझाल्या कोण, ते कोणी थोडक्यात सांगेल का?

---

पो_काठचा

फ्रांको बाझाल्या, व्हेनिसचा, जन्म १९२४. तरुणपणी फॅसिस्टांविरुद्ध काम केलं म्हणून तुरुंगात राहून आला होता. १९६१ मध्ये गोरित्सिया या सरहद्दीवरच्या गावातल्या वेड्यांच्या इस्पितळाचा संचालक झाला आणि आत शिरल्यावर त्याला त्या तुरुंगाचीच आठवण झाली. रुग्णांना बांधून ठेवणं बंद केलं, दारं उघडली, रोज सगळ्यांची सभा सुरू केली. तिथे कोणीही उठून बोलू शके. १९६८ मध्ये सेर्जो झावोली या पत्रकारानं तिथे जाऊन दूरचित्रवाणीसाठी माहितीपट केला, आणि पहिल्यांदाच घरोघरी लोकांनी या माणसांना स्वतःच्या तोंडानं बोलताना पाहिलं. १९७१ पासून तो त्रिएस्तेला, सान जोव्हान्नी इस्पितळात. १९८० मध्ये वारला, कायदा होऊन दोनच वर्षं झाली होती.

मार्को काव्हाल्लो ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सान जोव्हान्नीत धुण्याची गाडी ओढणारा एक घोडा होता, त्याचं नाव मार्को. म्हातारा झाला तेव्हा त्याला खाटकाकडे द्यायचं ठरलं. रुग्णांनी त्याच्या वतीनं प्रशासनाला पत्र लिहिलं आणि घोडा वाचला. १९७३ मध्ये रुग्ण, डॉक्टर आणि कलाकारांनी मिळून त्याच नावाचा लाकूड आणि कागदाच्या लगद्याचा निळा घोडा बनवला, एवढा उंच की बाहेर न्यायला दाराची चौकट फोडावी लागली. मग सगळे त्याच्यामागून मिरवणुकीनं शहरात गेले. आज सान जोव्हान्नी हे खुलं उद्यान आहे, गुलाबांची मोठी बाग आहे, आणि एका भिंतीवर अजून लिहिलेलं आहे की स्वातंत्र्य हाच उपचार आहे.

---

रानमोडी

भिंत आणि चित्राचा विषय निघाला म्हणून पूपी अवातीचा 'ला कासा दाल्ले फिनेस्त्रे के रीदोनो' (१९७६). तोरिनो-रोमची शहरं नाहीत, पो नदीच्या मुखाकडचा सपाट, दलदलीचा प्रदेश. ऊन इतकं की लपायला सावली नाही. स्तेफानो नावाचा तरुण चर्चमधलं सेंट सेबास्टियनचं भित्तिचित्र दुरुस्त करायला येतो. काढणारा लेन्यानी वेडा होऊन मेलेला, माणसं मरताना त्यांची चित्रं काढायचा म्हणून प्रसिद्ध. स्तेफानो रंगाचे थर खरवडतो तसतसे संताला भोसकणारे दोन चेहरे वर येतात. त्या दोघी कोण हे गावाला माहीत असतं. हॉटेलवाली, पोलीस, पाद्री, सगळे गप्प.

एका टेपवर लेन्यानीचा आवाज आहे, रंग आपल्या शिरांतून वाहतायत असं काहीतरी बरळणारा. भूत नाही, रक्त नाही, नुसता घोगरा आवाज आणि फिरणारी रिळं. मला 'सुस्पिरिया'पेक्षा याची जास्त भीती वाटली. अर्धापडदा यांच्या मांडणीत हा कसा बसतो ते बघा. इथे वेड्याला इस्पितळात कोणी पाठवलंच नाही. गावानं त्याला पोसला, झाकला आणि त्याच्या नावानं अजून बळी जातायत.

---

अर्धापडदा

@रानमोडी, हा सिनेमा माझ्या मांडणीत सरळ बसत नाही आणि म्हणूनच तो इथे हवा होता. इस्पितळं बंद करा म्हणणाऱ्यांना विरोधक हाच प्रश्न विचारत होते की मग ही माणसं जाणार कुठे, सांभाळणार कोण? अवातीच्या गावात सांभाळणारं आहे, आणि ते त्या इस्पितळाहून भयानक आहे. अवाती स्वतः बोलोन्याचा, हा मुलूख त्याच्या घरचा. बाहेरच्या माणसाला असं गाव दाखवता आलं नसतं.

याच अंगानं एलिओ पेत्रीचा 'उन त्रान्क्विल्लो पोस्तो दी काम्पान्या' (१९६८) बघावा. फ्रांको नेरो चित्रकार, व्हनेसा रेडग्रेव्ह त्याची प्रेयसी आणि चित्रं विकणारी दलाल. पडद्यावरची चित्रं अमेरिकन चित्रकार जिम डाइनची. मोरिकोनेचं संगीत म्हणजे नुसते ओरखडे, ठोके, घासण्याचे आवाज. पडीक बंगल्यात एका मेलेल्या मुलीच्या मागे लागून चित्रकाराचं डोकं फिरतं. आणि शेवटी? तो इस्पितळात खूष आहे, छोटी छोटी चित्रं भराभर काढतोय, आणि बाई ती विकतेय. बाहेर असताना त्याच्याच्यानं काम होत नव्हतं, आत टाकल्यावर माल नियमित मिळू लागला. बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं होतं. भयपटांच्या यादीत लोक तो धरत नाहीत, मी धरतो.

---

गवाक्ष

कायदा झाल्यानंतर काय झालं तेही बघायला हवं. लूचो फुल्चीच्या 'उन गात्तो नेल चेर्व्हेल्लो' (१९९०) मध्ये फुल्ची स्वतःच भयपटांचा दिग्दर्शक फुल्ची म्हणून येतो. स्वतःच चित्रित केलेली दृश्यं डोक्यातून जात नाहीत म्हणून डॉक्टरकडे जातो, आणि तो डॉक्टरच त्याला संमोहित करून खून करत सुटतो, म्हणजे आळ फुल्चीवर यावा. सिनेमा म्हणून ओबडधोबड आहे, जुन्या सिनेमांचे तुकडे जोडलेले. पण दार लावणारा माणूसच शेवटी राक्षस ठरला, हे दिसतं.

आर्जेंतोचा 'ला सिंद्रोमे दी स्तेंधाल' (१९९६) मात्र मनापासून बघण्यासारखा. फ्लोरेन्समध्ये कलाकृती बघून भोवळ येणाऱ्या, भान हरपणाऱ्या प्रवाशांवर तिथल्या सांता मारिया नुओव्हा इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ ग्रात्सिएल्ला मागेरीनी यांनी १९८९ मध्ये पुस्तक लिहिलं होतं, तिथून हे नाव आलं. पोलीस अधिकारी आन्ना उफ्फित्सी संग्रहालयात ब्रॉयगेलच्या इकारसच्या चित्रासमोर कोसळते. (मूळ चित्र ब्रसेल्सला आहे, आर्जेंतोनं सोयीनं आणलंय.) तिच्यावर अत्याचार करणारा मरतो आणि तरी खून चालू राहतात. अबोलीताईंना हाही खटकेल, पण आसिया आर्जेंतोच्या कामामुळे आन्नाची बाजू शेवटपर्यंत सुटत नाही.

---

अबोली_प

@गवाक्ष, पाहिलाय. तो मला कमी खटकतो, कारण आन्नाला काय झालंय ते तिच्यासोबत आधी घडताना आपण पाहिलेलं असतं. खुलासा म्हणून शेवटी फेकलेलं नसतं. मार्तानं पाहिलेलं क्लिनिक आपल्याला एकदा तरी दाखवलं असतं, तर तिच्याबद्दल मी वेगळं बोलले असते.

---

सायंतारा

या शनिवार-रविवारी 'शॉक' आणि 'प्रोफोंदो रोस्सो' बघायचं ठरवलंय. कुठली आवृत्ती बघू? बऱ्याच दिसतायत.

---

अर्धापडदा

'प्रोफोंदो रोस्सो' इटालियन आवृत्तीच बघा, दोन तासांहून मोठी. अमेरिकेत लावताना त्यातली वीसेक मिनिटं कापली आणि त्यात पत्रकार जान्ना आणि मार्कचे बरेचसे प्रसंग गेले. ते गेले की जान्ना झालेल्या दारिया निकोलोदीचं काम अर्धं होतं. इटालियन आवाज आणि खाली उपशीर्षकं, असं लावा. मार्क पहिल्यांदा त्या खून झालेल्या घरात शिरतो आणि चित्रांनी भरलेल्या बोळातून जातो, तिथे डोळे उघडे ठेवा. आर्जेंतोनं खुन्याचा चेहरा तिथेच दाखवलाय, लपवलेला नाही.

'शॉक' अमेरिकेत 'बियाँड द डोअर २' या नावानं खपवला होता, ज्या सिनेमाशी त्याचा संबंध नाही त्याचा दुसरा भाग म्हणून. ते नाव दिसलं तर गोंधळू नका, सिनेमा हाच. निकोलोदी यातही आहे, तीच दोरा. दोन्ही लागोपाठ बघणार असाल तर आधी 'प्रोफोंदो रोस्सो' घ्या. आणि बावाचा 'लिझा ए इल दियाव्होलो' शोधाल तर 'ला कासा देल्ल'एसोर्चिस्मो' या नावाची प्रत घेऊ नका. 'एक्सॉर्सिस्ट' गाजल्यावर निर्मात्यानं झपाटलेल्या बाईचे नवे प्रसंग घालून तो सिनेमा मोडून पुन्हा जोडला होता.